ई-१८ की पी-१: बडोद्यात मेंदूच्या पेशी वाढवणाऱ्यांसाठी

रॅटच्या गर्भाला अठरा दिवस झाले असताना (ई-१८) मेंदूचा कॉर्टेक्स म्हणजे बाहेरचा थर काढून पेशी सुट्या केल्या, तर ताटलीत बहुतेक न्यूरॉन म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी मिळतात. तोच कॉर्टेक्स जन्मानंतर एक-दोन दिवसांनी (पी-१, पी-२) घेतला, तर दहा दिवसांत फ्लास्कचा तळ ॲस्ट्रोसाइट या न्यूरॉनना सांभाळणाऱ्या पेशींनी भरून जातो. मधलं अंतर जेमतेम पाच दिवसांचं. प्राणी तोच, मेंदूचा भाग तोच, पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन हे एन्झाइमही तेच. हा फरक कुठून येतो हे समजलं की न्यूरॉन आणि ग्लिया (मेंदूतल्या साथीदार पेशी, ॲस्ट्रोसाइट त्यांतलेच) कसे घडतात, एकमेकांना काय सांगतात आणि त्यांना आवर कोण घालतं, याचा बराचसा उलगडा होतो. कल्चर बिघडलं तर नेमकं कुठे बिघडलं, हेही तिथूनच कळतं.

घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारे विद्यार्थी बडोद्यात पुष्कळ आहेत. प्रोटोकॉल इंग्रजीत हवे तितके मिळतात. त्यातली पायरी तशीच का, हे मात्र सांगितलं जात नाही, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. पुढचं सगळं संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी हातात आहे आणि पिल्लांसाठी मान्य झालेलीच पद्धत वापरायची आहे, हे धरून लिहिलं आहे.

दिवस कसे मोजता?

नर-मादी संध्याकाळी एकत्र ठेवतात आणि सकाळी प्लग (समागमानंतर मादीच्या योनीत दिसणारा घट्ट बोळा) किंवा स्मिअरमधले शुक्राणू पाहतात. पहिली गडबड इथेच होते. त्या सकाळला काही प्रयोगशाळा ई-० म्हणतात, काही ई-०.५, तर काही थेट ई-१. त्यामुळे एकाचा ई-१८ हा दुसऱ्याचा ई-१९ ठरतो. रॅटची गर्भावस्था २१ ते २२ दिवसांची, माउसची १९ ते २०. म्हणून रॅटचा ई-१८ म्हणजे माउसचा साधारण ई-१६. माउसवरचा शोधनिबंध वाचून रॅटवर तोच आकडा लावला, तर पेशींचं प्रमाण बदलणारच. प्राणीगृहाच्या वहीत 'प्लगचा दिवस = ई-०' असं पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि पाच वर्षं तेच पाळा.

एका दिवसाने एवढा फरक का पडतो? कॉर्टेक्समधले न्यूरॉन आणि ॲस्ट्रोसाइट एकाच प्रकारच्या पेशीपासून होतात. व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या कडेला उभी असलेली ही रेडिअल ग्लिया आधी न्यूरॉन देते. माउसमध्ये हे काम साधारण ई-११ ते ई-१७ या काळात चालतं. मग तीच ॲस्ट्रोसाइटकडे वळते. न्यूरॉनच्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढवणारे ऑलिगोडेंड्रोसाइट त्याहून उशिरा, त्यांचा भर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत.

हा क्रम पेशीच्या आतच कुठेतरी लिहिलेला आहे. माउसच्या गर्भातली एकेकटी पूर्वज पेशी ताटलीत वाढवली, तरी तिच्या वंशात आधी न्यूरॉन येतात आणि मग ग्लिया. आतलं घड्याळ काही प्रमाणात डीएनएवरच्या मिथाइल खुणांचं आहे. जीएफएपी या ॲस्ट्रोसाइटच्या जनुकासमोर स्टॅट-३ हे प्रथिन बसण्याची जागा असते. सुरुवातीला तिथे मिथाइल गट असतो, स्टॅट-३ बसू शकत नाही आणि बाहेरून कितीही संदेश आला तरी जनुक उघडत नाही. माउसमध्ये ई-११.५ ते ई-१४.५ या दरम्यान ही खूण उतरते. दुसरीकडे न्यूरोजेनिन-१ हे न्यूरॉन घडवणारं प्रथिन ग्लियाच्या जनुकांना लागणारे साथीदार स्वतःकडे ओढून ठेवतं. ते ओसरलं की साथीदार मोकळे होतात.

बाहेरून इशारा देणारे कोण? आधी जन्मलेले न्यूरॉनच. ते कार्डिओट्रोफिन-१ सोडतात, त्याने पूर्वज पेशीत स्टॅट-३ला जागवणारा जॅक-स्टॅट हा संदेशमार्ग चालू होतो आणि ॲस्ट्रोसाइट होण्याची वेळ येते. पुरेसे न्यूरॉन झाल्याशिवाय त्यांना सांभाळणाऱ्या पेशी होत नाहीत, अशी ही व्यवस्था आहे. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आता ताटलीकडे परत या. ई-१८ला न्यूरॉन तयार आहेत, पण त्यांचे तंतू आखूड आहेत, म्हणून सुटे करताना ते फार तुटत नाहीत. ग्लिया मूठभर. पी-१ला न्यूरॉनचं जाळं विणलं गेलेलं असतं, ट्रिप्सिन आणि पिपेटिंगमध्ये ते बहुतेक मरतात. ग्लियाच्या पूर्वज पेशी मात्र भराभर विभागणाऱ्या असतात. त्यात १० टक्के सीरम घातलं की बाजी त्यांचीच.

मिश्र ग्लियाचा फ्लास्क

ही पद्धत मॅककार्थी आणि डी व्हेलिस यांनी १९८० मध्ये मांडली आणि थोड्याफार बदलांनी आजही तीच चालते.

आदल्या दिवशी टी-७५ फ्लास्कला पॉली-डी-लायसिन लावून घ्या, मि.ली.ला १० ते ५० मायक्रोग्रॅम. रात्रभर ठेवा आणि निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. धुण्यात कंजुषी नको. न चिकटलेलं लायसिन पेशींना विषारी असतं, आणि 'पेशी चिकटल्या पण दुसऱ्या दिवशी गोल होऊन सुटल्या' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

पी-१ किंवा पी-२ची पिल्लं. मेंदू बाहेर काढून कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या थंडगार एचबीएसएस या क्षारद्रावणात, बर्फावर. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली गोलार्ध वेगळे करा, आतला हिप्पोकॅम्पस आणि खालचे गोळे काढा. मग मेनिन्जेस. मेंदूवरचं हे पातळ, रक्तवाहिन्यांनी लाल दिसणारं आवरण बारीक चिमट्याने एका कडेला पकडून सावकाश सोलायचं असतं. एका दमात पूर्ण निघालं तर उत्तम. खाचांत शिरलेले तुकडे राहतात, ते दिव्याचा कोन बदलून शोधा. मेनिन्जेस राहिलं की त्यातले फायब्रोब्लास्ट सीरममध्ये ॲस्ट्रोसाइटपेक्षा जोमाने वाढतात. दोन आठवड्यांनी फ्लास्कमध्ये लांबट, एकाच दिशेने वाहत गेल्यासारखे दिसणारे पेशींचे पट्टे आले तर ते फायब्रोब्लास्ट समजा. ते हलवून निघत नाहीत. तो फ्लास्क टाकून द्यावा लागतो. पहिल्या महिन्यात घाई करू नका, एका पिल्लाला पंधरा मिनिटं लागली तरी चालतील, फक्त सगळं बर्फावर राहू द्या.

स्वच्छ कॉर्टेक्सचे ब्लेडने बारीक तुकडे करा. ०.२५ टक्के ट्रिप्सिन, ३७ अंश, १५ ते २० मिनिटं. मधे दोनदा हलकेच हलवा. मेलेल्या पेशींतला डीएनए बाहेर येऊन सगळं शेंबडासारखं चिकट झालं तर डीएनेज घाला; ट्रिप्सिनची वेळ वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, त्याने आणखी पेशी मरतात आणि चिकटपणा वाढतो. डीएनेजला मॅग्नेशियम लागतं, हे विसरलं जातं. मग १० टक्के सीरम असलेलं डीएमईएम हे पोषक द्रव (मीडिया) घालून ट्रिप्सिन थांबवा.

सुट्या करताना आधी ५ मि.ली.च्या पिपेटने दहा-बारा वेळा, नंतर ज्योतीवर तोंड गुळगुळीत केलेल्या पाश्चर पिपेटने तितकेच वेळा. बुडबुडे होऊ देऊ नका, हवा-पाण्याच्या कडेवर पेशी फुटतात. ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, ३०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) ५ मिनिटं फिरवा. आरपीएमचा आकडा दुसऱ्याच्या वहीतून उचलू नका. रोटरची त्रिज्या बदलली की तो आकडा निरर्थक होतो.

ट्रायपॅन ब्ल्यूने मोजून एका टी-७५मध्ये एक ते दीड कोटी जिवंत पेशी, म्हणजे ढोबळमानाने दोन पिल्लांचे कॉर्टेक्स. पहिला मीडिया तिसऱ्या दिवशी बदला. त्याआधी फ्लास्क घाण दिसतो, तुकडे तरंगतात, मन बेचैन होतं; तरी हात लावू नका, पेशी अजून नीट रुजत असतात. नंतर दर दोन-तीन दिवसांनी. सात ते दहा दिवसांत खाली ॲस्ट्रोसाइटचा सपाट थर, आणि त्यावर चमकणाऱ्या गोल व बारीक शेपटीच्या पेशी दिसू लागतात. त्या मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी) आणि ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशी, म्हणजे ओपीसी.

शेकरचं काम इथून सुरू होतं आणि सगळी मदार चिकटपणातल्या फरकावर असते. मायक्रोग्लिया सर्वांत सैल: १८० आरपीएमवर अर्धा ते एक तास पुरे. ते पाणी काढून घ्या, ताजा मीडिया घाला आणि २०० ते २४० आरपीएमवर रात्रभर, साधारण १६ ते १८ तास, फिरवा. त्यात ओपीसी सुटतात. खाली उरतात ते ॲस्ट्रोसाइट. सुटलेल्या ओपीसीत थोड्या मायक्रोग्लिया असतातच. त्यासाठी ते मिश्रण जंतू वाढवण्याच्या साध्या, लेप न दिलेल्या पेट्रीडिशमध्ये अर्धा तास ठेवा. मायक्रोग्लिया प्लास्टिकला पटकन चिकटतात, ओपीसी वरच राहतात.

शेकर इन्क्युबेटरच्या बाहेर असेल तर मीडिया आधी कार्बन डायऑक्साइडमध्ये तासभर ठेवून मग झाकण घट्ट लावा. जाळीचं झाकण असेल तर त्यावर पॅराफिल्म. नाहीतर गॅस उडून जातो, मीडिया जांभळा पडतो, आणि सकाळी सुटलेल्या पेशींत ॲस्ट्रोसाइटही निघतात. शेकर बंद कपाटात असेल तर मोटरच्या उष्णतेने आतलं तापमान चढतं. शेजारच्या फ्लास्कमध्ये पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवा आणि पहिल्या रात्री खरंच किती होतं ते पाहा.

ओपीसी: मीडियाच नशीब ठरवतो

रॅफ, मिलर आणि नोबल यांनी १९८३ मध्ये रॅटच्या ऑप्टिक नर्व्हमधल्या या पूर्वज पेशी दोन प्रकारे वाढवल्या. सीरमशिवाय त्या ऑलिगोडेंड्रोसाइट झाल्या, १० टक्के सीरममध्ये ॲस्ट्रोसाइटसारख्या. एकच पेशी, आणि निकाल बाटलीतल्या द्रवावर. पुढे प्राण्यातच वंश शोधण्याचे प्रयोग झाले तेव्हा दिसलं की खऱ्या मेंदूत ओपीसी बहुतेक करून ऑलिगोडेंड्रोसाइटच होतात. म्हणजे ताटलीतली दुसरी वाट ही पेशीची क्षमता आहे, तिची सवय नव्हे. कल्चरमधला कुठलाही निष्कर्ष लिहिताना हा भेद डोक्यात असू द्या.

व्यवहारात असं करतात: पीडीजीएफ-एए आणि एफजीएफ-२ हे वाढीचे घटक, दोन्ही मि.ली.ला १० नॅनोग्रॅम, दिले की ओपीसी विभागत राहतात. ते काढून टी-३ म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक दिलं की विभागणी थांबते, फांद्या फुटतात आणि तीन-चार दिवसांत एमबीपी हे मायलिनचं प्रथिन दिसू लागतं. विकासकाळात थायरॉइड कमी पडलं तर मेंदूचं मायलिन उशिरा आणि कमी का होतं, त्याचं एक उत्तर या ताटलीत आहे. नवजात बाळाची टाच टोचून टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) तपासण्याला बालरोगतज्ज्ञ एवढं महत्त्व देतात, कारण उपचाराची वेळ आठवड्यांत मोजायची असते.

एक सावधगिरी. न्यूरॉनसाठी वापरतो त्या बी-२७ या पूरकात टी-३ असतंच. ओपीसी 'विभागत्या अवस्थेत' ठेवायच्या असतील आणि मीडियात बी-२७ घातलं असेल, तर एकाच वेळी थांबा आणि पुढे जा असं दोन्ही सांगितल्यासारखं होतं.

मायक्रोग्लिया आणि पाणी

मायक्रोग्लिया मेंदूच्या घरातल्या नाहीतच. न्यूरॉन, ॲस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइट हे सगळे न्यूरल ट्यूबचे. मायक्रोग्लिया येतात योक सॅकमधून, गर्भाच्या फार लवकरच्या काळात, आणि मग आयुष्यभर आपली संख्या आपणच राखतात. त्यांचं जगणं सीएसएफ-१ रिसेप्टरवर अवलंबून असतं. मिश्र फ्लास्कमध्ये ॲस्ट्रोसाइट त्यांना हे खाद्य पुरवतात, म्हणून तिथे त्या आठवडेच्या आठवडे टिकतात आणि वेगळ्या काढल्या की काही दिवसांत कोमेजतात. वेगळ्या काढल्यानंतर ४८ ते ७२ तासांत प्रयोग उरकावा हे उत्तम.

जंतूंच्या भिंतीतला एलपीएस हा पदार्थ त्यांना अत्यंत बारीक मात्रेत कळतो. प्रयोगात आपण मि.ली.ला १०० नॅनोग्रॅम देतो आणि टीएनएफ, नायट्रिक ऑक्साइड हे दाहाचे रेणू मोजतो. पण न दिलेल्या, कंट्रोलच्या पेशीही आधीच चिडलेल्या असल्या तर? मग सगळे आलेख सपाट येतात आणि दोष औषधाला दिला जातो. या चिडण्याचं कारण बहुधा पाणी असतं. शुद्ध केलेलं पाणी बाटलीत आठवडाभर राहिलं की त्यात ग्राम-निगेटिव्ह जंतू वाढतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने जंतू अडतात, त्यांचा एलपीएस आरपार जातो. ऑटोक्लेव्हनेही तो नष्ट होत नाही. काचसामान २५० अंशांवर अर्धा तास भाजावं लागतं, आणि पाणी एंडोटॉक्सिनमुक्त असं विकत घेतलेलं किंवा त्याच दिवशी काढलेलं असावं. सीरमचीही तीच गोष्ट: बाटलीवर एंडोटॉक्सिनचा आकडा छापलेला असतो, सगळ्यांत कमी असलेली बॅच मागवा, आणि प्रयोग संपेपर्यंत पुरेल इतकी एकदमच घ्या.

चिडलेल्या मायक्रोग्लिया एकट्या चिडत नाहीत. लिडेलो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की त्या आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी-१क्यू सोडतात, आणि हे तीन मिळून ॲस्ट्रोसाइटना अशा अवस्थेत नेतात की ते न्यूरॉनना सांभाळायचं सोडून त्यांना मारक ठरतात. म्हणून 'शुद्ध' ॲस्ट्रोसाइटमध्ये पाच टक्के मायक्रोग्लिया राहणं ही किरकोळ बाब नाही. एलपीएसला ॲस्ट्रोसाइटनी दिलेला प्रतिसाद म्हणून छापलेलं पुष्कळसं काम त्या पाच टक्क्यांचं असू शकतं. आयबीए-१ या मायक्रोग्लियाच्या खुणेने रंगवून मोजा, आणि आकडा लिहा.

एकमेकांना काय सांगतात

ॲस्ट्रोसाइट न्यूरॉनसारखा विजेचा झटका देत नाहीत. त्यांचं पटल उणे ८० मिलिव्होल्टच्या आसपास शांत असतं. त्यांची हालचाल कॅल्शियममध्ये दिसते. १९९० मध्ये कॉर्नेल-बेल आणि सहकाऱ्यांनी कल्चरमधल्या ॲस्ट्रोसाइटवर ग्लुटामेट घातलं आणि कॅल्शियमच्या लाटा एका पेशीतून दुसरीत जाताना पाहिल्या. ग्लिया फक्त भराव आहे, हा समज तिथून ढासळला.

हा प्रयोग साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर जमतो. फ्लुओ-४ एएम, २ ते ५ मायक्रोमोलर, अर्धा तास. मग धुऊन आणखी पंधरा-वीस मिनिटं थांबा, म्हणजे एस्टर तुटून रंग आत अडकेल. ३७ अंशांवर जास्त वेळ ठेवलं तर रंग पेशीच्या आतल्या कप्प्यांत साचतो आणि ठिपके दिसतात. तसं झालं तर खोलीच्या तापमानाला भरा. १० ते १०० मायक्रोमोलर एटीपी घातलं की काही सेकंदांत पेशी उजळतात. बाहेरच्या द्रवातलं कॅल्शियम काढून टाकलं तरी पहिला उजाळा येतोच, कारण तो पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून येतो. थॅप्सिगार्जिनने ते रिकामं केलं की येत नाही. काचेच्या टोकाने एका पेशीला हलकेच टोचलं तर लाट सेकंदाला दहा-वीस मायक्रॉनने पसरते. ती दोन वाटांनी जाते: शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या कनेक्सिनच्या गॅप जंक्शनमधून आणि बाहेर सोडलेल्या एटीपीतून. म्हणूनच थर खरवडून मधे मोकळा पट्टा केला तरी ती पलीकडे पोचू शकते, आणि एटीपी तोडणारं अपायरेज घातलं की मंदावते.

न्यूरॉनच्या दृष्टीने ॲस्ट्रोसाइटचं रोजचं काम याहून साधं आणि जास्त मोलाचं आहे. सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन न्यूरॉनच्या जोडापाशी, सांडलेलं ग्लुटामेट ते उचलतात, ग्लुटामिन सिंथेटेजने त्याचं ग्लुटामिन करतात आणि न्यूरॉनला परत देतात. न्यूरॉन त्याचं पुन्हा ग्लुटामेट करतो. न्यूरॉनच्या आवेगानंतर बाहेर वाढलेलं पोटॅशियमही तेच शोषतात. फ्रीगर आणि बॅरिस यांनी १९९७ मध्ये रेटिनाचे न्यूरॉन ग्लियाशिवाय वाढवून पाहिले. न्यूरॉन जगले, तंतू वाढले, पण सिनॅप्सचं काम अगदी क्षीण. २००१ मध्ये बॅरिस यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं की ग्लिया असताना पक्व सिनॅप्सची संख्या सातपट होते. २००५ मध्ये त्यामागचं एक प्रथिन सापडलं: थ्रॉम्बोस्पॉन्डिन. त्याने बांधलेले सिनॅप्स दिसायला पूर्ण, पण पलीकडच्या बाजूने मुके. त्यांना बोलतं करायला ॲस्ट्रोसाइटचेच ग्लिपिकन-४ आणि ६ लागतात, हे २०१२ मध्ये कळलं.

याचा ताटलीतला अर्थ असा. ई-१८च्या न्यूरॉनमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी एआरए-सी घालतात, १ ते ५ मायक्रोमोलर, म्हणजे विभागणाऱ्या ग्लिया थांबतील. नवशिके 'स्वच्छ न्यूरॉन'च्या हौसेने पहिल्याच दिवशी आणि दुप्पट मात्रेत घालतात. दुसऱ्या आठवड्यात न्यूरॉनचे तंतू मण्यांच्या माळेसारखे तुटू लागतात आणि बी-२७ला दोष मिळतो. थोडे ॲस्ट्रोसाइट राहू द्या. अगदी विरळ कल्चर हवं असेल तर बँकरची जुनी पद्धत वापरा: न्यूरॉन कव्हरस्लिपवर, खाली डिशमध्ये ॲस्ट्रोसाइटचा थर, आणि मेणाच्या ठिपक्यांवर कव्हरस्लिप पालथी ठेवायची. दोघांचा द्रव एक, पण स्पर्श नाही.

मीडिया बदलताना निम्माच बदला, दर तीन-चार दिवसांनी. उरलेल्या निम्म्यात पेशींनी सोडलेले घटक असतात. आणि ताज्या सीरममध्ये ग्लुटामेट असतं. पहिल्या दिवशी न्यूरॉन ते सहज सोसतात, पण दोन आठवड्यांच्या, ग्लुटामेट ओळखणारे एनएमडीए रिसेप्टर आलेल्या कल्चरमध्ये तेच घातलं तर काही तासांत मरतात. पेशीचं वय बदललं की त्याच रेणूचा अर्थ बदलतो.

आपल्या शहराची हवा

एप्रिल-मेमध्ये बडोद्याचा पारा ४२ अंशांवर जातो. इन्क्युबेटरला तापवायची सोय असते, थंड करायची बहुधा नसते. खोलीचं तापमान ३७ला टेकलं की आतलं तापमान ३८-३९वर सरकतं आणि पडद्यावर दिसलं तरी यंत्राच्या हातात काही नसतं. खोली किमान पाच अंशांनी थंड हवी, म्हणजे ३२च्या खाली, रात्रीसुद्धा आणि रविवारीसुद्धा. ॲस्ट्रोसाइट एखादा अंश सोसतात. न्यूरॉन सोसत नाहीत.

याच दिवसांत एसी आणि कोरड्या हवेने पाणी उडतं. इन्क्युबेटरचा ट्रे रोज पाहा. २४ घरांच्या प्लेटमध्ये कडेच्या घरांत फक्त निर्जंतुक पाणी भरा आणि न्यूरॉन आतल्या आठ घरांत ठेवा. पाणी उडालं की मीडियातला क्षार घट्ट होतो, न्यूरॉन आक्रसतात, आणि रंग मात्र गुलाबीच दिसत राहतो, म्हणून फसगत होते.

पावसाळ्यात बुरशी. खोक्यांचा पुठ्ठा कल्चररूममध्ये आणूच नका, ओलावा धरून त्यावर बुरशी येते. ट्रेमध्ये चिमूटभर मोरचूद चालतो. फ्लास्कमध्ये धागे दिसले तर अँफोटेरिसिनने वाचवत बसू नका. औषध पेशींनाही त्रास देतं आणि बीजाणू शेजारच्या फ्लास्कमध्ये जातात. फ्लास्क न उघडता ऑटोक्लेव्ह करा. मायकोप्लाझ्मा डोळ्यांना दिसत नाही, पेनिसिलीनला दाद देत नाही कारण त्याला पेशीभित्तिकाच नसते. महिन्यातून एकदा पीसीआर करा.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बऱ्याच भागांत वीज नव्हती. अशा वेळेसाठी दोन तयाऱ्या असाव्यात. एक, २५ मिलिमोलर हेपिस (आम्लता स्थिर राखणारं रसायन) असलेला मीडिया. गॅस गेला तरी झाकण घट्ट करून फ्लास्क काही तास तग धरतात. दुसरी, गोठवलेला साठा. ॲस्ट्रोसाइट पहिल्या पॅसेजला ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओमध्ये छान गोठतात; मिनिटाला एक अंश या वेगाने उणे ८०पर्यंत, मग द्रव नायट्रोजन. न्यूरॉनवर असा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून गाभण मादीची तारीख धरताना नवरात्र, दिवाळी आणि पावसाचा अंदाज एकत्र पाहा: ई-१८ सुट्टीसाठी थांबत नाही, आणि न्यूरॉन लावल्यानंतर तीन आठवडे कोणीतरी हजर लागतं.

कोण किती आहे, हे शेवटी रंगवूनच

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, दहा-पंधरा मिनिटं. ॲस्ट्रोसाइटला जीएफएपी, मायक्रोग्लियाला आयबीए-१, न्यूरॉनला मॅप-२, ओपीसी-ऑलिगोडेंड्रोसाइट वंशाला ऑलिग-२, मेनिन्जेसच्या फायब्रोब्लास्टसाठी फायब्रोनेक्टिन. ओ-४ आणि ए-२बी-५ हे पटलावरच्या स्निग्ध रेणूंना ओळखतात. पटलाला भोकं पाडणारं ट्रायटन घातलं की रेणूच धुऊन जातात आणि 'अँटिबॉडी खराब आली' असं वाटतं. ती दोन जिवंत पेशींवर किंवा ट्रायटनशिवाय करा, बाकीची नंतर.

जीएफएपीवर फार विसंबू नका. प्रौढ कॉर्टेक्समधल्या कित्येक ॲस्ट्रोसाइटमध्ये ते सहज दिसत नाही, तर सीरममध्ये वाढलेल्या जवळजवळ सगळ्यांत दिसतं. सीरम हे रक्तातून येतं, आणि निरोगी मेंदूत रक्त-मेंदू अडसरामुळे ॲस्ट्रोसाइटला ते कधी भेटत नाही. सीरमवर वाढलेला ॲस्ट्रोसाइट म्हणूनच थोडा जखमी मेंदूतल्यासारखा वागतो. प्रश्न निरोगी अवस्थेचा असेल तर सीरमशिवाय, एचबी-ईजीएफ देऊन वाढवायची पद्धत २०११ पासून उपलब्ध आहे. ती महाग आहे आणि पेशी कमी मिळतात. प्रश्न इजेचा किंवा दाहाचा असेल तर साधा फ्लास्क पुरतो, पण सीरमची टक्केवारी, पिल्लाचं वय, ई-०ची व्याख्या, किती तास हलवलं आणि आयबीए-१चं प्रमाण हे पाच आकडे पद्धतीच्या भागात असलेच पाहिजेत.